तांबीचं अडलेलं अंडं

दोंडाईच्याच्या तोताराम नानांना सापाची भीती वाटते, असं तुम्ही गावात कोणाला सांगितलंत तर तो तुम्हालाच वेड्यात काढेल. पस्तीस वर्षं ढोरांच्या दवाखान्यात नोकरी केलेला माणूस. जखमेला पट्टी बांधण्यापासून मारका बैल आडवा पाडण्यापर्यंत सगळं नानांनी केलं. अडलेल्या म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून रेडकू ओढून काढण्यात तर त्यांचं नाव शिंदखेड्यापर्यंत. डॉक्टर येत, बदली होऊन जात, नाना तिथेच. त्यामुळे लोकांनी मनोमन ठरवून टाकलं होतं की खरे डॉक्टर नानाच. नानांनीही ते कधी नाकारलं नाही. कौतुक कोणाला नको असतं?

पण सापाला नाना भीत. ते आठ वर्षांचे असताना कपाशीच्या वावरात त्यांच्या थोरल्या भावाला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीतच तो गेला. भावाचं डोकं नानांच्या मांडीवर होतं. तेव्हापासून वाटेत पडलेलं दावं दिसलं तरी नाना दोन पावलं मागे सरकत आणि मग चप्पल सारखी केल्याचं सोंग करत.

अशा माणसाच्या घरात साप आला, आणि तोही पाहुणा म्हणून नव्हे, राहायला.

आणला नानांच्या एकुलत्या एका लेकीनं, नूतननं. पुण्याला शिकायला होती तेव्हा तिनं कॉर्न स्नेक नावाचा परदेशी जातीचा साप पाळला होता. बिनविषारी, तांबूस, अंगावर गेरूचे ठिपके, आणि सोबत रीतसर कागदपत्रं. पुढे तिचं लग्न पुण्यातच झालं. सासरच्यांनी सून घेतली, साप घेतला नाही. तीन वर्षांपूर्वी नूतन काचेची पेटी घेऊन दोंडाईच्याला उतरली आणि म्हणाली, "नाना, थोडे दिवस." माहेरी साप ठेवून सासरी गेलेली खानदेशातली ती पहिलीच लेक असावी.

"आहो, तुम्हले याड लागनं का?" लताबाई नवऱ्यावर कडाडल्या. "घरमा साप पाळतस का कोनी? बठ्ठा गाव हासी!"

नाना काय बोलणार? लेकीला नाही म्हणायचं त्यांना कधी जमलं नव्हतं आणि भीती वाटते हे सांगायची सोय नव्हती. सापाच्या खाण्यासाठी गोठवलेले पांढरे उंदीर आले, त्यांच्यासाठी वेगळा छोटा फ्रीज आला, आणि तो ज्या खोलीत ठेवला त्या खोलीत लताबाईंनी पुन्हा पाऊल टाकलं नाही.

पहिले काही महिने नाना हातभर लांबीच्या चिमट्यानं पेटीचं झाकण उघडत. एकदा पेटी पुसताना तो साप त्यांच्या मनगटावर चढला आणि तिथेच वेटोळं घालून बसला. नाना अर्धा तास तसेच उभे. ओरडावं तर दातखीळ बसलेली, आणि लताबाईंनी स्वयंपाकघराला आतून कडी लावलेली. त्या अर्ध्या तासात काहीच घडलं नाही. त्या इवल्या जिभेचा स्पर्श तेवढा दोन-तीनदा झाला, मुंगी चालावी इतकाच. मादी आहे हे नूतननं सांगितलं होतंच. नानांनी तिचं नाव ठेवलं तांबी. त्यांच्या वडिलांच्या गोठ्यात त्या रंगाची एक गाय होती, तिचंच नाव.

तरी भीती काही गेली नाही. फक्त तिची दिशा फिरली. आधी नाना तांबीला भीत, आता तांबीसाठी भिऊ लागले. वीज गेली की उन्हानं ती मरेल, पेटीत मुंग्या शिरल्या तर चावतील, झाकण उघडं राहिलं तर मांजर नेईल. उन्हाळ्यात घरातला एकुलता एक कूलर तिच्या खोलीत गेला. लताबाई अंगणात खाट टाकून बडबडत झोपल्या.

ह्या जातीची मादी नराशिवायही अंडी घालते, कोंबडी घालते तशी, पोकळ. मागच्या वर्षी तांबीनं अकरा घातली होती आणि सुखरूप मोकळी झाली होती. यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तीन दिवस आधी सहा घातली आणि थांबली. शेपटीच्या अलीकडे पोटावर एक गाठ तशीच राहिली.

नानांनी तेव्हाच नूतनला फोन करायला हवा होता. पण आपण कोणाला विचारायचं, हा विचारच त्यांच्या डोक्यात कधी येत नसे. जन्मभर लोक त्यांना विचारायला आले होते. अडलेलं मोकळं करणं म्हणजे नानांच्या हातचा मळ. त्यांनी अंगठ्यांना तिळाचं तेल चोपडलं, तांबीला मांडीवर घेतलं आणि गाईच्या आचळाला धरावं तसं दोन्ही अंगठ्यांनी गाठ मागे सारायला सुरुवात केली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा जरा जोर लावला.

अंगठ्याखाली काहीतरी मऊ पडलं.

नानांना वाटलं, सरकलं. पण बाहेर काहीच आलं नाही. गोल गाठ चपटी झाली होती. तांबीनं अंग एकदा ताणलं आणि ती त्यांच्या मांडीवर सैल पडून राहिली. पस्तीस वर्षांच्या हाताला काय झालं ते कळायला डोळ्यांची गरज नव्हती. नानांनी तिला पेटीत ठेवलं, साबणानं दोनदा हात धुतले आणि लताबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "बरी शे."

  पुढचे दोन दिवस नाना दर तासाला पेटीशी जाऊन तांबी श्वास घेते का ते बघत, आणि ती फार सावकाश श्वास घेई, त्यामुळे दर वेळी अर्धं मिनिट नानांचाच श्वास अडकून राही. फोन हातात घेत, नूतनचं नाव काढत आणि ठेवून देत.

आखाजीला लेकी माहेरी येतात, तशी नूतन आली. अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता, लताबाईंनी खापरावर मांडे टाकले होते, आमरसाचं पातेलं भरलं होतं. नूतननं पिशवी ठेवली आणि आधी तांबीकडे गेली.

"नाना, ही अशी सुस्त का? अंडी किती घातली?"

"सहा."

"आणि आत?"

"असेल एखादं," नाना म्हणाले आणि आमरस ढवळायला निघून गेले. जन्मात त्यांनी आमरस ढवळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तापायच्या आत शेजाऱ्यांच्या गाडीनं ते धुळ्याला निघाले. तांबीचा डबा नानांच्या मांडीवर होता, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. मांडीवरचं ते वजन जसजसं गरम होत गेलं तसतशी नानांना ती बैलगाडी आठवू लागली. त्यांनी फडकं पुन्हा ओलं केलं.

धुळ्यात डॉक्टर भूपेंद्र यांचा खाजगी दवाखाना होता. कुत्री, मांजरं, पोपट, आणि सर्पमित्रांनी आणलेले जखमी साप. डॉक्टर तरुण, शांत. त्यांचे कंपाउंडर चुडामण भाऊ मात्र डबा उघडताच स्टुलावर चढले. "साहेब, कुत्रं, मांजर, काहीबी द्या, हे नाही," असं त्यांनी वरूनच सांगितलं.

सोनोग्राफीच्या पडद्यावर करडे ढग हलत होते. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले.

"एक अंडं आहे आत. आकार नीट लागत नाहीये," ते म्हणाले. "दोन रस्ते आहेत. पहिला, इंजेक्शन. कळा येतील, टाकेल बाहेर. दोन दिवस वाट पाहायची. दुसरा, पोट उघडायचं. आणि उघडायचंच असेल तर मी म्हणेन, अंडाशयंही काढून टाकू. म्हणजे दरवर्षीचा हा धोका कायमचा संपला. पण सापाला भूल जड जाते. उठेलच, असं मी सांगू शकत नाही."

नूतनच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "मग इंजेक्शनच द्या ना."

"देता येईल. फक्त अंडं आत फुटलेलं नसावं. फुटलं असेल तर त्या कळांनी सगळी घाण पोटात पसरेल, मग हाती काही राहणार नाही." डॉक्टरांनी वर पाहिलं. "घरी कोणी पोट दाबलं वगैरे नाही ना?"

नूतन पहिल्यांदाच हसली. "दाबणार कोण? घरी नाना आहेत. पस्तीस वर्षं हेच केलंय त्यांनी. त्यांच्या हाती दिलं म्हणून तर मी पुण्यात झोपू शकते."

डॉक्टरांनी नानांकडे पाहिलं. नानांनी मान हलवली. नाही.

 अशीच मान त्यांनी बावीस वर्षांपूर्वी हलवली होती. सुंदरबाईची म्हैस अडली होती. डॉक्टर दौऱ्यावर होते. नानांनी एकट्यानं ओढायला घेतलं, जास्त ओढलं, आणि आत काहीतरी फाटल्याचं त्यांच्या हाताला कळलं. डॉक्टर तासाभरानं आले आणि विचारते झाले, ओढाताण तर केली नाही ना? नानांनी मान हलवली. डॉक्टरांनी त्या उत्तरावर विसंबून औषध दिलं. संध्याकाळपर्यंत म्हैस गेली. सुंदरबाई विधवा बाई, तिची ती एकच म्हैस. आणि तिनं काय करावं? तिनं नानांचे पाय धरले. म्हणाली, भाऊ, तू होतास म्हणून एवढी तरी टिकली. बावीस वर्षं नाना तिच्या गल्लीतून जायचं टाळत होते.

इकडे डॉक्टरांनी औषध भरून घेतलं. चुडामण भाऊंनी स्टुलावरूनच स्पिरिटचा कापूस पुढे केला. नूतननं तांबीला दोन्ही हातांनी धरलं. सुई खवल्यांच्या जवळ आली.

 बोललो तर लेक गेली, नाही बोललो तर तांबी गेली. दवाखान्यात नाना नेहमी जपून, शहरी मराठी बोलत. आता ती सुचली नाही.

"थांबा! डाक्टरसाहेब, नका देऊ. मी दाबं तिनं पोट. तेल लाईसन, जोर करीसन दाबं. अंडं फुटनं. माले तवयच समजनं, आनि मी कोनलेच सांगं नही."

सुई थांबली. 

नूतन ओरडली असती तर नानांना सोसलं असतं.  तिनं फक्त त्यांच्या हातांकडे पाहिलं, अगदी नवीन माणसाच्या हातांकडे पाहावं तसं. नानांनी हात मागे घेतले.

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टर म्हणाले. सिरिंज त्यांनी ट्रेमध्ये ठेवून दिली. "आता उघडावंच लागेल. प्रश्न एवढाच, फक्त साफ करून शिवायचं की अंडाशयंही काढायची. काढायची तर अर्धा तास जास्त भूल. त्यात धोका आहे. नाही काढली तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच होऊ शकतं. तुम्ही ठरवा, पण लवकर."

दोघं बाहेर बाकावर बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. नानांनी आयुष्यात हजारो गोऱ्हे खच्ची केले होते. चिमटा लावायचा, दाबायचा, पुढचा आणा. एकाही बैलाबद्दल त्यांना क्षणभर थांबावं लागलं नव्हतं. आज साडेचार फुटांच्या जिवाबद्दल हो की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"नाना, काय करू?" नूतननं शेवटी विचारलं. 

"माले नको इचारू, बेटा. माले भ्याव लागस."

बासष्ट वर्षांत हे वाक्य नानांच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं. नूतननं चमकून त्यांच्याकडे पाहिलं आणि मग आईला फोन लावला. लताबाईंना सगळं सांगितलं, दाबल्याचंसुद्धा. 

"मनी गर्भपिशवी काढी तवय माले कोनी इचारं व्हतं का?" लताबाई म्हणाल्या. "काढी टाका म्हने डाक्टर, हा म्हने तुना बाप. पन खरं सांगू, त्यानंतर मी सुखी व्हयनी. दर महिनाले मरी मरी जायची ती सुटनी. काढा तिनं बी. दरसालले मरानं कशाले?" मग आवाज बारीक झाला. "फक्त भूल देतस तवय तिले एकटं ठेवू नका. मी लई भ्यायनी व्हती. कोनी हात धरं नही मना. तिले हात नहीत, तं शेपूट धरा."

नूतननं डोळे पुसले आणि आत जाऊन कागदावर सही केली. दोन्ही करा, म्हणाली.

भूल चढल्यावर सापाचा श्वास थांबतो, हे नानांना ठाऊक नव्हतं. तांबीच्या तोंडात बारीकशी नळी गेली, नळीला लिंबाएवढा रबरी फुगा. तो दर वीस सेकंदांनी दाबायचा, म्हणजे तिला श्वास मिळणार. हे काम चुडामण भाऊंचं. चुडामण भाऊ एव्हाना दाराबाहेर उभे होते.

"कोणीतरी हवं," डॉक्टर हातमोजे चढवत म्हणाले. "नाडी ऐकायला नूतनताई, मशीन धरून. फुगा कोण? अगदी हलका दाबायचा. तिचं फुप्फुस कागदासारखं पातळ आहे. जोर लागला तर फाटेल."

"मी नही," नाना भिंतीला टेकले. "मना हात जड शे. आताच पाहं ना तुम्ही."

नूतन तांबीकडे बघत होती. मग वडिलांकडे न बघता म्हणाली, "नानाच दाबतील. किती दाबायचं नाही, हे आता त्यांनाच माहीत आहे."

नाना पुढे झाले. कपाळावरचा घाम भुवयांतून डोळ्यांत उतरत होता. त्यांनी फुगा अंगठा आणि तर्जनीत धरला. तोच अंगठा. मनात वीस मोजले आणि दाबला, इतका हलका की डॉक्टर म्हणाले, "थोडा अजून." दाबला. तांबीची छाती किंचित फुगली. पुन्हा वीस.

मशीनमधून तिच्या हृदयाचा आवाज येत होता, लांबून कोणीतरी ओल्या मातीत चालत यावं तसा. पोट उघडलं गेलं.  फुटकं अंडं निघालं, पिवळट, दुर्गंधी सुटलेलं. मग बारीक द्राक्षांच्या घोसासारखं काहीतरी एका बाजूचं निघालं, मग दुसऱ्या बाजूचं. एकदा आवाज मंद झाला. पावलं थांबतायत असं वाटलं. नूतनचे ओठ पांढरे पडले. नानांना भावाचं मांडीवरचं डोकं आठवलं, हळूहळू जड झालेलं. त्यांचा अंगठा घट्ट व्हायला बघत होता, घाई करायला बघत होता. त्यांनी दात आवळले आणि अंगठा सैल ठेवला. अठरा, एकोणीस, वीस. दाब. अठरा, एकोणीस, वीस. दाब. डाव्या हातानं त्यांनी तिची शेपूट धरली होती, लताबाईंनी सांगितलं होतं तशी.

पावलं पुन्हा नीट चालू लागली.

शिवून झाल्यावर तिला स्वतःचा श्वास घ्यायला दीड तास लागला. तेवढा वेळ नाना उभे होते. त्यांनी किती वेळा वीस मोजले हे त्यांना सांगता आलं नसतं. तांबीची जीभ बाहेर आली, टोकाशी थरथरली आणि आत गेली. नाना मटकन खाली बसले आणि कोणाची पर्वा न करता रडले. नूतन त्यांच्याजवळ बसली. खांद्यावर हात ठेवला नाही, पण या वेळी मध्ये जागा सोडली नाही.

"टाके दोन महिने राहतील," डॉक्टर म्हणाले. "सांभाळणार कोण?"

नूतन म्हणाली, "नानाच सांभाळतील. पण हात लावायच्या आधी मला फोन करतील."

नाना फोन करू लागले. नूतन पुण्याला परतल्यावर पहिल्याच दिवशी अकरा वेळा. पाणी बदलू का, फडकं काढू का, ती कोपऱ्यात सरकली तर चालेल का. नूतन कधी कावे, कधी हसे, पण फोन उचले. लताबाई आता उंबऱ्यात उभ्या राहून तांबीची चौकशी करत, आत न येता.

विसाव्या दिवशी सकाळी फाटकाची कडी वाजली. बाहेर सुंदरबाई उभी होती. वाकलेली, धाप लागलेली.

"तोताराम भाऊ, चाल लवकर. म्हैस अडनी शे. तुना हातवर मना भरवसा शे."

नानांना भीती वाटली. तीन वर्षांपूर्वी सापाची पेटी पाहूनही वाटली नव्हती एवढी. एक क्षण वाटलं, तब्येत बरी नाही म्हणावं. मग त्यांनी खिशातला फोन काढून आधी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं. ते निघाल्याची खात्री करून घेतली. फोन ठेवला आणि म्हणाले, "चाल अक्का, मी येस. डोकं धरसू म्हैसनं. आतमा हात डाक्टर घाली. आनि वाटमा तुले एक गोष्ट सांगानी शे. तुनी ती पहिली म्हैस मना हातनं मरनी. मी जास्ती ओढं. डाक्टरले खोटं सांगं."

सुंदरबाई जागीच थांबली. तिनं नानांकडे वर मान करून पाहिलं.  नानांना वाटलं, आता ही थुंकेल, नाहीतर मागे फिरेल, आणि दोन्हींपैकी काहीही केलं तरी तिचं बरोबरच असेल.

"पहिले हाई म्हैस वाचाडू," शेवटी ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "त्या म्हैसनं मंग बोलसूत. मी इसरनार नही."

आणि ती भरभर चालू लागली. नाना हात पाठीमागे बांधून तिच्या मागोमाग निघाले.